डोक्याला मार लागल्यावर मैदान सोडायचे कोणी ठरवायचे?

पावसाळा ओसरून भातकापणी उरकली की गोव्यातील कितीतरी शेतांची मैदाने होतात. पेडणे, डिचोली, सत्तरीत टेनिस चेंडूच्या क्रिकेटस्पर्धा रंगतात, तर बार्देश आणि सासष्टीत गावोगावचे फुटबॉल संघ चषकासाठी झुंजतात. या सामन्यांमध्ये एक दृश्य वारंवार दिसते. उंच आलेल्या चेंडूसाठी दोन खेळाडू एकाच वेळी उसळी घेतात, डोक्यावर डोके आदळते आणि एक जण खाली कोसळतो. सहकारी धावतात, तोंडावर पाणी मारतात, कपाळावर बर्फ धरतात. ‘ठीक आहेस ना?’ असे कोणीतरी विचारते. ‘हो’ असे उत्तर येते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि खेळ पुढे सुरू होतो. रक्त आलेले नसेल, तर दुसऱ्या दिवशी त्याची आठवणही कोणाला राहत नाही.

याच प्रसंगाबाबत आंतरराष्ट्रीय क्रिकेट मात्र वर्षागणिक कठोर होत चालले आहे. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने, म्हणजे आयसीसीने, १ ऑगस्ट २०१९ पासून डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूच्या जागी बदली खेळाडू उतरवण्याची मुभा दिली. २०२५ मध्ये त्या नियमात दोन महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. असा धक्का बसल्याचे निदान झालेल्या खेळाडूला किमान ७ दिवस खेळता येणार नाही आणि त्याच्या जागी कोण खेळणार, हे संघांनी सामन्यापूर्वीच जाहीर करावे लागेल. ज्यांच्या दिमतीला डॉक्टर, फिजिओ आणि स्कॅनची यंत्रे आहेत, त्या खेळाडूंसाठी हे नियम आहेत. ज्यांच्यापाशी यातले काहीच नसते, त्या गावच्या मैदानावरील मुलांचा निर्णय मात्र आजही त्यांच्या स्वतःच्या ‘हो’वर सोडला जातो. या प्रश्नाची खरी मेख इथेच आहे. मार मेंदूला लागलेला असतो आणि ‘मी ठीक आहे की नाही’ याचा निवाडाही त्याच मेंदूने करावा, अशी आपली अपेक्षा असते.

न दिसणारी दुखापत

डॉक्टर ज्याला ‘कन्कशन’ म्हणतात, तो मेंदूला बसलेला धक्का होय. मेंदू हा मऊ अवयव कवटीच्या आत द्रवात असतो. डोके जोराने हलले, गर्रकन फिरले किंवा एकाएकी थांबले की मेंदूवर ताण येतो, त्यातील पेशींचे कामकाज काही काळ विस्कळीत होते. त्यासाठी हाड मोडावे लागत नाही, रक्त यावे लागत नाही आणि प्रत्यक्ष डोक्यावरच आघात व्हावा लागतो असेही नाही. छातीवर किंवा पाठीवर बसलेल्या जोरदार धडकेने डोके झटक्याने हलले तरी ते पुरेसे असते. अशा धक्क्यानंतर केलेला सीटी स्कॅन बहुतेकदा स्वच्छ येतो, कारण बिघाड रचनेत नसून कार्यात असतो. ‘स्कॅन नॉर्मल आला, म्हणजे काही झाले नाही’ हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो. कवटीच्या आत रक्त साचलेले नाही, एवढेच तो स्कॅन सांगतो.

‘बेशुद्ध पडला नाही, म्हणजे मार किरकोळ’ हा दुसरा रूढ समज. प्रत्यक्षात मेंदूला धक्का बसलेल्या खेळाडूंपैकी बहुसंख्यांची शुद्ध हरपत नाही. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, नजर अंधुक होणे, उजेड व आवाज सहन न होणे, तोल जाणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, विनाकारण चिडणे किंवा रडू येणे ही त्याची लक्षणे होत. हेल्मेटविषयीही असाच गैरसमज आहे. हेल्मेट कवटी फुटण्यापासून आणि चेहऱ्याच्या जखमांपासून वाचवते. कवटीच्या आत मेंदू हलण्याचे ते पूर्णपणे रोखू शकत नाही.

अशा अवस्थेतील माणूस किती सहजपणे खेळत राहू शकतो, हे २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जगाने पाहिले. जर्मनीचा ख्रिस्टोफ क्रामर १७ व्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या बचावपटूवर आदळला. तपासणीनंतर तो पुन्हा खेळू लागला. काही वेळाने त्यानेच पंच निकोला रिझोली यांना विचारले, की हा अंतिम सामनाच आहे ना? पंचांनी जर्मन खेळाडूंना सावध केले आणि ३१ व्या मिनिटाला क्रामरला बाहेर काढण्यात आले. मधली सुमारे १४ मिनिटे तो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धावत होता. आपण कुठे आहोत, याचा त्याला पत्ता नव्हता.

तज्ज्ञ डॉक्टरांनी तपासल्यानंतरही पहिला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवरील कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. स्मिथ ८० धावांवर असताना तंबूत परतला. चाचण्यांत तो उत्तीर्ण झाला, पाऊण तासाच्या आतबाहेर पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र लक्षणे उघड झाली आणि त्याला सामन्यातून माघार घ्यावी लागली. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी इतिहासातील पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. जगातील सर्वोत्तम वैद्यकीय पथकांपैकी एकाच्या देखरेखीखाली हे घडत असेल, तर सीमारेषेवर उभ्या असलेल्या मित्राने दोन मिनिटांत दिलेला ‘ठीक आहे’चा दाखला किती विश्वासार्ह मानायचा?

शुद्धीतला फसवा काळ

कन्कशन बहुतेकांचे बरे होते. जिवावर बेततो तो कवटीच्या आतील रक्तस्राव. दोन्हींची सुरुवात सारखीच दिसू शकते, हे भय ओळखायला हवे. कानशिलाचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे मार बसून ती फाटली, तर कवटी व मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचू लागते. रुग्ण सुरुवातीला शुद्धीवर असतो, बोलतो, चालतो. साचलेल्या रक्ताचा दाब वाढत गेला की तो एकाएकी ढासळतो. मधल्या काळात दिसणारी तरतरी हीच सर्वांत मोठी फसवणूक असते.

भारतीय क्रिकेटने याची किंमत मोजली आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यातील एका क्लब सामन्यात रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेटविना क्षेत्ररक्षण करीत होता. जोरात मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. त्यानंतर त्याची प्रकृती झपाट्याने खालावली. मेंदूवर शस्त्रक्रिया होऊनही २३ फेब्रुवारीला त्याचे निधन झाले. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. ‘चालत गेला’ हा दिलासा नव्हे, हा त्या मृत्यूने शिकवलेला धडा आहे.

याउलट १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये चार्ली ग्रिफिथच्या चेंडूने भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याची कवटी फुटली. तातडीने शस्त्रक्रिया झाली, प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही रक्तदान केले आणि कॉन्ट्रॅक्टर वाचला. त्याची कसोटी कारकीर्द तिथेच संपली, पण वेळेत झालेल्या उपचारांनी जीव राहिला.

मार लागल्यानंतर पुढील लक्षणांपैकी एकही दिसले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे, यावर जगभरच्या मार्गदर्शक सूचनांचे एकमत आहे: शुद्ध हरपणे, वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या, आकडी येणे, गोंधळ किंवा अस्वस्थता वाढणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, मान दुखणे, हातापायांत अशक्तपणा वा मुंग्या, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव येणे, आणि गुंगी वाढून जागे करणे कठीण होणे.

नाडी, श्वास आणि बाहुल्या काय सांगतात?

रुग्णालयात ज्यांना ‘व्हायटल्स’ म्हणतात, ती जीवनलक्षणे म्हणजे नाडी, श्वास, रक्तदाब आणि शरीराचे तापमान. आता त्यांत रक्तातील प्राणवायूचे प्रमाणही धरले जाते. प्रौढ माणसाची विश्रांतीतील नाडी मिनिटाला ६० ते १००, श्वास १२ ते २० आणि रक्तदाब १२० व ८० च्या आसपास असतो. कसलेल्या धावपटूची किंवा फुटबॉलपटूची विश्रांतीतील नाडी ५० च्याही खाली असू शकते, तर लहान मुलांची मुळातच जलद असते. शिवाय नुकत्याच धावलेल्या खेळाडूची नाडी व श्वास काही वेळ वाढलेलेच राहणार. म्हणून एकदा मोजलेल्या आकड्यापेक्षा तो आकडा कोणत्या दिशेने चालला आहे, याला अधिक महत्त्व असते. दर काही मिनिटांनी मोजून वेळेसह कागदावर उतरवलेली नाडी डॉक्टरांना खूप काही सांगून जाते.

ही दिशा दोन वेगळ्या संकटांत वेगळी असते. पोटात किंवा मांडीच्या हाडाभोवती मोठा रक्तस्राव झाला असेल, तर नाडी जलद व क्षीण होत जाते, त्वचा गार व घामट पडते आणि पुढे रक्तदाब घसरतो. कवटीच्या आत दाब वाढू लागला, की याच्या उलट घडते: रक्तदाब चढतो, नाडी मंदावते आणि श्वास अनियमित होतो. अमेरिकी मेंदूशल्यविशारद हार्वी कुशिंग यांच्या नावाने वैद्यक या तिहेरी लक्षणाला ओळखते. मात्र हे लक्षण फार उशिरा दिसते. ‘नाडी अगदी शांत चालली आहे’ असे समाधान मानण्याची वेळ आणि मेंदू चेपला जाण्याची वेळ एकच असू शकते. त्यामुळे डोक्याच्या मारात नाडीच्या आधी पाहायची असते ती शुद्ध.

शुद्ध मोजण्याचे जगभर वापरले जाणारे माप १९७४ मध्ये ग्लासगोतील ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी मांडले. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे एकूण १५ गुण. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम आणि ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. मैदानावर एवढे काटेकोर माप साधले नाही, तरी चार पायऱ्यांचा सोपा हिशोब कोणालाही करता येतो: खेळाडू स्वतःहून जागा आहे काय, हाकेला ओ देतो काय, चिमटा काढल्यावर प्रतिसाद देतो काय, की कशालाच देत नाही? एका पायरीवरून खालच्या पायरीवर तो घसरला, तर ती धोक्याची घंटा होय. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का, हेही पाहावे. शुद्ध हरपत चाललेल्या रुग्णाची एक बाहुली मोठी होऊन उजेडाला आकुंचन पावत नसेल, तर तो अत्यवस्थ आहे, असे समजावे.

जागा असलेल्या खेळाडूसाठी पाच साधे प्रश्न प्रचलित आहेत. आपण कोणत्या मैदानावर आहोत? सामन्याचा कितवा भाग चालू आहे? शेवटचा गोल कोणी केला? याआधीचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो का? ‘तुझे नाव काय?’ हा प्रश्न यात नाही, कारण गोंधळलेल्या माणसालाही नाव आठवते. या पाचांपैकी एक उत्तर चुकले तरी खेळाडूने बाहेर बसावे. पाचही बरोबर आली, तरी तो निर्दोष ठरत नाही. लक्षणे असतील तर बाहेरच.

श्वासच नसेल तेव्हा

काही वेळा कोसळण्याचे कारण डोक्यात नसून हृदयात असते. गोव्याच्या फुटबॉलप्रेमींना ५ डिसेंबर २००४ हा दिवस विसरता येणार नाही. बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात धेंपो क्लबचा ब्राझिलियन आघाडीपटू क्रिस्तियानो ज्युनियर मोहन बागानविरुद्ध गोल करताना गोलरक्षकावर आदळला आणि उठलाच नाही. हृदयक्रिया बंद पडून त्याचा मृत्यू झाला. भारतीय मैदानांवरील वैद्यकीय तयारी किती तोकडी आहे, यावर त्यानंतर देशभर टीका झाली. धेंपोने त्याची १० क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त केली.

१२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये युरो स्पर्धेच्या सामन्यात डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन असाच कोसळला. त्याच्या छातीवर लगेच दाब देणे सुरू झाले, मैदानातच विजेचा झटका देणारे डिफिब्रिलेटर यंत्र वापरले गेले आणि तो वाचला. पुढे पुन्हा व्यावसायिक फुटबॉलही खेळला. हृदय असे थांबल्यावर छातीवर दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, असे वैद्यक सांगते. हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा चालत नाही, एवढे दिसले की नाडी शोधत बसू नये. कोणीतरी १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देण्यास आरंभ करावा. हे शिकायला एक दुपार पुरते.

मदतीतून होणारी हानी

डोक्याला जोराचा मार लागला असेल, तर मानही दुखावली असेल असे गृहीत धरावे लागते. आपल्याकडे मात्र पडलेल्या खेळाडूला चौघे जण हातापायांना धरून उचलतात आणि रिक्षात किंवा मोटारीच्या मागच्या आसनावर निजवतात. मानेचा मणका हललेला असेल, तर एवढ्याने मज्जारज्जूला कायमची इजा होऊ शकते. श्वास नीट चालत असेल आणि जागेवर दुसरा धोका नसेल, तर रुग्णवाहिका येईपर्यंत त्याला हलवू नये. एकाने डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट ओढून काढू नये. उलटी येत असेल, तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून सर्वांनी मिळून कुशीवर वळवावे. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. आकडी आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवून काही साधत नाही. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि आकडी ओसरल्यावर कुशीवर वळवावे.

मानेची दुखापत किती घातक असते, हे नोव्हेंबर २०१४ मध्ये दिसले. सिडनीत फिलिप ह्यूजच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली, उसळता चेंडू लागला. मेंदूकडे रक्त नेणारी धमनी फाटून मेंदूभोवती रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांनी त्याचे निधन झाले. ऑस्ट्रेलियाने पुढे वरच्या पातळीवरील क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजीसमोर मानेचे संरक्षक कवच सक्तीचे केले. तरीही ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलबर्नमध्ये १७ वर्षांचा एक क्लब क्रिकेटपटू सरावात मानेवर चेंडू लागून दगावला. हेल्मेट होते, मानेचे कवच नव्हते. वरच्या पातळीवरचा नियम खालच्या पातळीवर पोहोचायला उशीर लागतो आणि त्या उशिराची किंमत कोण मोजते, हे या घटनेतून कळते.

नियम आणि पळवाट

बदली खेळाडूच्या नियमाचा हेतू उघड आहे. संघ एका खेळाडूने कमी होणार नाही याची हमी असेल, तर कर्णधार जखमीला बाहेर पाठवायला कचरणार नाही. पण याच नियमाने वादही ओढवले. ४ डिसेंबर २०२० रोजी कॅनबेरातील टी-२० सामन्यात रवींद्र जडेजाच्या हेल्मेटवर शेवटच्या षटकात चेंडू लागला, तो डाव संपेपर्यंत खेळला आणि त्याच्या जागी आलेल्या युजवेंद्र चहलने तीन बळी घेतले. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळच्या गहुंजेत शिवम दुबेच्या जागी हर्षित राणा आला व त्यानेही तीन बळी टिपले. फलंदाजी हे मुख्य बळ असलेल्या अष्टपैलूच्या जागी निव्वळ वेगवान गोलंदाज कसा चालतो, असा इंग्लंडच्या जोस बटलरचा आक्षेप होता. बदली खेळाडूंची नावे आधीच द्यावीत, ही २०२५ ची सुधारणा अशा वादांना आळा घालणारी आहे.

या वादांत एक गोष्ट झाकोळली गेली. दोन्ही सामन्यांत चर्चा बदली कोणाला मिळाला, याची झाली. हेल्मेटवर चेंडू आदळल्यानंतर फलंदाजाला पुढचा चेंडू खेळू द्यावा का, या प्रश्नाची तेवढी झाली नाही. फुटबॉलमध्येही कन्कशनसाठी जादा कायमस्वरूपी बदली खेळाडूची तरतूद २०२४ पासून खेळाच्या नियमांत आली. मात्र ती लागू करावी की नाही, हे प्रत्येक स्पर्धेच्या आयोजकांवर सोडलेले आहे. म्हणजे गोव्यातील कोणत्याही स्पर्धेच्या आयोजकाला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. ही तरतूद आपल्या नियमावलीत लिहिण्याचा अधिकार त्याच्याकडे आजही आहे.

दुसरा धक्का आणि कोवळे वय

पहिल्या धक्क्यातून सावरण्याआधी दुसरा बसला, तर मेंदूला झपाट्याने सूज येऊन मृत्यू ओढवू शकतो. असे प्रसंग विरळ असले, तरी ते मुख्यतः किशोरवयीन खेळाडूंमध्ये घडतात. उत्तर आयर्लंडमध्ये २०११ मध्ये एका शालेय रग्बी सामन्यात १४ वर्षांचा मुलगा अशाच रीतीने दगावला. डोक्याला मार लागल्यानंतरही तो त्या सामन्यात खेळत राहिला होता. त्याआधी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये कायदा करून संशयित विद्यार्थी-खेळाडूला त्याच दिवशी खेळवण्यास मनाई केली आणि वैद्यकीय संमतीशिवाय पुनरागमन बंद केले. पुढच्या पाच वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी असे कायदे केले. ब्रिटनने २०२३ मध्ये हौशी खेळांसाठी सूचना काढल्या. त्यांत ‘शंका आली तर बाहेर बसवा’ हे सूत्र आहे आणि स्पर्धात्मक खेळात परतण्यापूर्वी किमान २१ दिवसांचे अंतर आहे.

विश्रांतीविषयीची समजूतही आता बदलली आहे. अंधाऱ्या खोलीत आठवडाभर पडून राहण्याचा सल्ला मागे पडला. २०२२ च्या ॲमस्टरडॅम परिषदेतील तज्ज्ञांच्या एकमतानुसार पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती, तीही मोबाइलचा वापर कमीत कमी ठेवून. मग चालणे, हलका व्यायाम, एकट्याने सराव, धडकेविना सांघिक सराव, डॉक्टरांच्या संमतीनंतर पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस द्यायचा आणि लक्षणे बळावली तर एक पायरी मागे यायचे. मुलांच्या बाबतीत मैदानाआधी शाळा पूर्ववत व्हायला हवी. त्यांना बरे व्हायला चार आठवडेही लागू शकतात.

मार लागल्यावर झोपू देऊ नये, ही समजूत घरोघरी आढळते. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या रुग्णाला झोपू द्यायला हरकत नसते. प्रश्न झोपेचा नसून जागे होण्याचा आहे. हाक मारल्यावर तो नेहमीसारखा उठतो का, हे पाहणारे कोणीतरी जवळ हवे. पहिल्या दिवशी मद्य पूर्ण वर्ज्य, वाहन चालवणे वर्ज्य आणि रक्तस्राव वाढवू शकणाऱ्या ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्याविना घेऊ नयेत. सामना संपल्यावर मोटारसायकलला किक मारून एकट्याने घरी जाणे किंवा विजयाची पार्टी झोडणे, या दोन्ही सवयी इथे जिवावर बेतू शकतात.

गावच्या मैदानाला काय परवडेल?

प्रत्येक सामन्याला डॉक्टर मिळणार नाही, हे मान्यच करावे लागेल. सत्तरीच्या किंवा काणकोणच्या टोकापासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचा रस्ता लांबचा आहे आणि मेंदूवरील शस्त्रक्रियेसाठी सामान्य रुग्णाचा भरवसा गोमेकॉवरच असतो. अंतर कमी करता येत नसेल, तर निर्णयाला लागणारा वेळ तरी कमी करता येतो.

त्यासाठी चार गोष्टी पुरेशा आहेत. स्पर्धेच्या नियमावलीत एकच कलम असावे: डोक्याला मार लागून शंका आलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही आणि त्याच्या जागी जादा बदली खेळाडू मिळेल. दुसरे, त्या निर्णयासाठी दोन्ही संघांबाहेरची, प्रथमोपचार शिकलेली एक व्यक्ती नेमावी. गावातील परिचारिका, शारीरिक शिक्षणाचे शिक्षक किंवा प्रशिक्षण घेतलेला स्वयंसेवक हे काम करू शकेल. तिने एकदा ‘बाहेर’ म्हटले की प्रशिक्षकाला, कर्णधाराला वा प्रायोजकाला त्यात बोलण्याचा अधिकार नसावा. तिसरे, रुग्णवाहिका मैदानात कोणत्या वाटेने येईल आणि फोन कोण करील, हे सामन्याआधी ठरलेले असावे. चौथे, बाहेर बसवलेल्या खेळाडूच्या घरी एक छापील पान जावे, ज्यावर पुढच्या ४८ तासांत काय पाहायचे आणि केव्हा धाव घ्यायची, हे मराठीत आणि कोकणीत लिहिलेले असेल. गोवा फुटबॉल असोसिएशन, क्रीडा प्राधिकरण आणि क्रीडा संचालनालय यांनी मनावर घेतले, तर स्पर्धेला परवानगी किंवा अनुदान देतानाच ही अट घालता येईल.

यावर आक्षेप येतील. प्रत्येक टकरीला खेळाडू बाहेर काढला तर खेळ राहील का, असे विचारले जाईल. खोटे दुखणे दाखवून ताजा खेळाडू आत आणला जाईल, अशीही भीती आहे. बदली खेळाडूचे नाव आधी लिहून घेणे आणि बाहेर गेलेल्याला किमान पुढचा आठवडा खेळू न देणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे; एका सामन्याच्या लबाडीसाठी चांगला खेळाडू आठवडाभर गमवायला कोणताही संघ राजी होणार नाही. बक्षिसाची रक्कम हा याहून अवघड अडसर आहे. उपांत्य सामन्यात ज्याच्या खेळावर संघाची आणि क्वचित घरचीही मदार आहे, तो तरुण स्वतःहून बाहेर जाणार नाही. तसे केल्यास भित्रा म्हणवून घ्यावे लागेल, ही भीतीही त्याला असते. म्हणूनच हा निर्णय त्याच्यावर सोडणे हा त्याच्यावर अन्याय आहे. नियमाने त्याला बाहेर काढले, तर त्याच्या धैर्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही.

बाद झालेल्या फलंदाजाला ‘तू बाद आहेस असे तुला वाटते का?’ असे विचारून खेळ चालवला जात नाही. लाल कार्ड मिळालेल्या खेळाडूची संमती घेतली जात नाही. खेळातील साध्यासुध्या निर्णयांसाठीही तिऱ्हाईत पंच लागतो, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ज्या निर्णयात धावांऐवजी जीव पणाला लागलेला असतो, त्यालाही असा एक पंच मिळावा. या हंगामाच्या पहिल्या स्पर्धेपासून तो नेमण्यात कोणतीच अडचण नाही.